फुगलेल्या कपॅसिटरांचे दप्तर

मे २००३ ते जुलै २००५ या काळात डेल कंपनीने निदान १ कोटी १८ लाख असे संगणक बाजारात पाठवले, ज्यांच्या मदरबोर्डवरचा एक सुटा भाग दगा देण्याची शक्यता होती. हा आकडा कंपनीच्याच अंतर्गत कागदांतला. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायनाच्या फेडरल न्यायालयातील एका दाव्याची कागदपत्रे खुली झाली, ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने जून २०१० मध्ये त्यांवर सविस्तर वृत्तान्त छापला आणि तो आकडा चारचौघांत आला. तोवर त्या मालिकेतले शेवटचे मशीन विकून पाच वर्षे होत आली होती.

तो सुटा भाग म्हणजे करंगळीच्या पेरापेक्षा लहान, नळकांडीसारखा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. त्याच्या बिघाडाने जगभरचे डेस्कटॉप चालता चालता बंद पडत, पुन्हा सुरू होत, अडकत, आणि एके दिवशी सुरूच होत नसत. या साथीचे कारण म्हणून एकच कथा वर्षानुवर्षे सांगितली जाते : कोणीतरी जपानी कंपनीचे सूत्र चोरले, चोरताना ते अर्धवट चोरले, आणि जगाला त्याची फळे भोगावी लागली. कथा चटकदार आहे. पण हाती असलेले कागद एकमेकांशेजारी ठेवून वाचले, तर ती साथीच्या एका भागालाच लागू पडते. उरलेल्या भागाचे खापर त्या अनाम चोरावर फोडता येत नाही.

सुरुवात खुद्द मशीनने ठेवलेल्या नोंदीपासून करू. विंडोजच्या ‘सिस्टिम’ लॉगमध्ये ६००८ क्रमांकाची एक नोंद असते. अमुक तारखेला, अमुक वाजता झालेले शटडाउन अनपेक्षित होते, एवढेच ती सांगते. ही नोंद बंद पडताना झालेली नसते. मशीन पुन्हा सुरू झाल्यावर विंडोजला कळते की मागच्या वेळी आपल्याला रीतसर बंद केले गेले नव्हते, आणि ते तसे लिहून ठेवते. म्हणजे ही साक्ष घटनेनंतरची आहे. वेळेबाबत तिच्यावर बरेचसे विसंबता येते, कारणाबाबत अजिबात नाही. व्हायरस, ड्रायव्हर, तापलेला प्रोसेसर, घरातली वीज किंवा फुगलेला कपॅसिटर, कशानेही मशीन बंद पडले तरी नोंद तीच. त्या काळात कित्येकांनी अशा मशीनवर विंडोज पुन्हा टाकून पाहिले, रॅम बदलली, पॉवर सप्लाय बदलला, याचे कारण हेच.

दुसरा दस्तऐवज मदरबोर्डवर असतो. कॅबिनेटची बाजू उघडून प्रोसेसरच्या सॉकेटभोवती टॉर्च मारली, की एका ओळीत उभी असलेली नळकांडी दिसतात. प्रत्येकाच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत क्षमता, व्होल्ट, सोसता येणारे तापमान (बहुधा १०५ अंश), मालिकेची खूण आणि अनेकदा उत्पादनाचे वर्ष-आठवडा सांगणारे अंक छापलेले असतात. माथ्यावर अधिकाच्या किंवा ‘के’ अक्षराच्या आकाराची खाच असते. आत दाब वाढला तर स्फोट न होता टोपी त्या खाचेवर फाटावी, ही योजना कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हसारखी. निरोगी कपॅसिटरचा माथा सपाट असतो. बिघडलेल्याचा घुमटासारखा वर येतो, पुढे खाचेतून तपकिरी चिकटा बाहेर पडून वाळतो. कधी माथा ठीक दिसतो आणि खालचे रबरी बूच सरकून नळकांडे तिरके होते. तारीख छापलेला आणि बिघाडाची खूण अंगावर वागवणारा असा पुरावा इतिहासलेखकाला क्वचितच मिळतो.

या नळकांड्याच्या बिघाडाने आख्खे मशीन का बंद पडावे? पॉवर सप्लायकडून, म्हणजे आपल्या दुकानदारांच्या भाषेत एसएमपीएसकडून, येणारे १२ व्होल्ट प्रोसेसरला चालत नाहीत. त्याला दीड व्होल्टच्या आसपासचा दाब आणि कित्येक अँपिअरचा प्रवाह लागतो. हे रूपांतर मदरबोर्डवरची रेग्युलेटरची साखळी करते आणि त्यातले चढउतार कपॅसिटर गिळतो. त्याचा अंतर्गत रोध वाढला की चढउतार थेट प्रोसेसरपर्यंत जातात. प्रोसेसरवर काम पडले, प्रवाहाची मागणी एकदम वाढली आणि दाब कोसळला, की मशीन अडकते, रीसेट होते किंवा सरळ बंद पडते. पेंटियम ४ च्या काळात ही मागणी फार वाढली होती. २००४ मध्ये आलेल्या त्याच्या ‘प्रेस्कॉट’ पिढीतले काही प्रोसेसर शंभर वॉटच्या पुढे गेले. म्हणजे वीज जास्त, उष्णता जास्त, आणि हे सगळे त्याच नळकांड्यांच्या सान्निध्यात.

आता चोरीच्या कथेकडे वळू. ती छापून आली २००२ मध्ये, सुट्या भागांच्या उद्योगाला वाहिलेल्या एका अमेरिकी व्यापारी नियतकालिकात, डेनिस झोगबी यांच्या लेखात. फेब्रुवारी २००३ मध्ये ‘आयईईई स्पेक्ट्रम’ने तिला मोठा वाचकवर्ग मिळवून दिला. कथा अशी : रुबिकॉन या जपानी कंपनीतला एक शास्त्रज्ञ चीनमधील कंपनीत गेला आणि तिथे त्याने पाणीमिश्रित इलेक्ट्रोलाइट, म्हणजे कपॅसिटरमधला वीजवाहक द्रव, बनवले. त्याच्या हाताखालच्या माणसांनी ते सूत्र तैवानला नेले, पण इलेक्ट्रोलाइट स्थिर ठेवणारी द्रव्ये त्यातून सुटली. तैवानच्या उत्पादकांनी त्याच अपुऱ्या सूत्रावर माल काढला.

या कथेचे साक्षीदार उद्योगातले, बहुतांशी अनाम. शास्त्रज्ञाचे नाव नाही, चोरीची तारीख नाही, कोर्टाचा कागद नाही. शिवाय तैवानशी स्पर्धा करणाऱ्यांना ही कथा सोयीची होती, हेही विसरता येत नाही. तेवढ्याने ती खोटी ठरत नाही. तिच्या रासायनिक भागाला स्वतंत्र आधार आहे.

पाणी आणि कपॅसिटरच्या आतले ॲल्युमिनिअम यांचे जमत नाही, ही रसायनशास्त्रातली जुनी गोष्ट. इलेक्ट्रोलाइटमध्ये पाणी वाढवले की रोध कमी होतो, किंमतही उतरते. पण संरक्षक द्रव्ये नसतील तर पाणी ॲल्युमिनिअमवर हल्ला चढवते, हायड्रॉक्साइड तयार होते आणि हायड्रोजन सुटतो. रुबिकॉनने १९९० च्या दशकाच्या अखेरीस सुमारे ४० टक्के पाण्याचे इलेक्ट्रोलाइट वापरून कपॅसिटर बाजारात आणले होते आणि ते टिकले. म्हणजे दोष पाण्यात नव्हता, पाण्याला आवर घालणाऱ्या द्रव्यांच्या अभावात होता. क्रेग हिलमन आणि नॉर्मन हेल्मोल्ड यांनी २००४ मध्ये मांडलेल्या अभ्यासात बिघडलेले कपॅसिटर प्रयोगशाळेत तपासले. त्यात हायड्रोजन सापडला, आणि तो शोषून घेणारी जी द्रव्ये एरवी घातली जातात, ती सापडली नाहीत. इलेक्ट्रोलाइट अपुरे होते, हे त्यामुळे पक्के झाले. ते कोणी कोणाकडून चोरले, हे कोणतीही प्रयोगशाळा सांगू शकत नाही. मदरबोर्ड बनवणाऱ्यांपैकी तैवानच्या ‘ॲबिट’ने आपल्या बोर्डांवर सदोष कपॅसिटर बसल्याचे जाहीरपणे मान्य केले, पण ते कोणाकडून घेतले ते सांगितले नाही.

इथपर्यंत कथा आणि कागद हातात हात घालून चालतात. डेलच्या दप्तराशी आल्यावर वाटा फुटतात. डेलच्या ऑप्टिप्लेक्स या डेस्कटॉप मालिकेतील ज्या कपॅसिटरांबद्दल न्यायालयातले कागद बोलतात, ते निचिकॉन या जपानी कंपनीचे होते. चोरीच्या कथेत जपानी कंपनी ही लुटली गेलेली बाजू. तिचाच देशबंधू असलेला, नामांकित उत्पादक सदोष माल पुरवत असेल, तर तैवानला पोचलेल्या अर्धवट सूत्राने त्याचा उलगडा होत नाही. सारख्याच लक्षणांच्या, एकाच काळातल्या, पण वेगवेगळ्या उगमांच्या निदान दोन साथी लोकांनी एकाच नावाखाली जमा केल्या. दोन्हींत माथे फुगत होते, म्हणून कारणही एकच मानले गेले.

डेलचे कागद दोन प्रकारचे आहेत, आणि त्यांचे वजनही वेगवेगळे. पहिला प्रकार म्हणजे भागधारकांसाठीचे आर्थिक अहवाल. ऑक्टोबर २००५ मध्ये संपलेल्या तिमाहीसाठी कंपनीने काही ऑप्टिप्लेक्स मशीनांच्या दुरुस्तीपोटी सुमारे ३० कोटी डॉलरची तरतूद दाखवली. कारण दिले ते पुरवठादाराचा एक भाग ठरल्याप्रमाणे चालला नाही, असे. भागाचे नाव नाही, पुरवठादाराचे नाव नाही. तरी आकडा कायद्याच्या बंधनाखाली दिलेला आहे, त्यामुळे दोष मोठा होता आणि कंपनीला २००५ मध्ये त्याची जाणीव होती, या दोन गोष्टींसाठी तो भक्कम आधार आहे.

दुसरा प्रकार म्हणजे दाव्यात खुले झालेले ईमेल, टिपणे आणि सूचना. हा दावा ॲडव्हान्स्ड इंटरनेट टेक्नॉलॉजीज या कंपनीने २००७ मध्ये दाखल केला होता. ‘टाइम्स’च्या वृत्तान्तानुसार या कागदांतल्या एका अभ्यासाचा अंदाज होता की सदोष कपॅसिटर असलेल्या ऑप्टिप्लेक्समध्ये तीन वर्षांत ९७ टक्क्यांपर्यंत बिघाड संभवतो. डेलने नेमलेल्या तपासनिसाला धोक्यातील मशीनांची संख्या कंपनीच्या अंदाजाच्या दहापट आढळली. नादुरुस्त बोर्डांच्या जागी पुन्हा सदोष बोर्डच बसवले गेल्याचेही त्याने नोंदवले. विक्री करणाऱ्यांना सूचना होती की गिऱ्हाइकाने विचारल्याशिवाय विषय काढू नये आणि अनिश्चिततेवर भर द्यावा. एका ईमेलमध्ये बोर्ड खराब असल्याचे सुचवणारी भाषा टाळायला सांगितले होते. टेक्सास विद्यापीठाच्या गणित विभागातली मशीने बंद पडू लागली, तेव्हा त्यांच्याकडून फार अवघड गणिते करवून घेतली, असे कारण कंपनीने पुढे केले. दावेदारांनाही सांगितले गेले की त्यांनी मशीने गरम, कोंदट जागेत ताणून चालवली.

हे कागद वाचताना सावध राहायला हवे. ते एका पक्षाने दुसऱ्याविरुद्ध मांडलेले आहेत, आणि वृत्तपत्राने त्यांतले निवडक तेवढे छापले. दावा पुढे तडजोडीने मिटला, त्यामुळे न्यायालयाने या पुराव्याची छाननी करून निवाडा दिला असे म्हणता येत नाही. कपॅसिटरांचा त्रास साऱ्या उद्योगाला होता, ही बाजूही खरीच आहे. ॲपलनेही पहिल्या पिढीच्या काही ‘आयमॅक जी५’ मशीनांसाठी, म्हणजे साधारण सप्टेंबर २००४ ते जून २००५ दरम्यान विकलेल्यांसाठी, चित्र बिघडणे किंवा वीज न येणे या तक्रारींवर मोफत दुरुस्तीची योजना जाहीर केली होती.

उष्णतेचा दावा मात्र साध्या हिशोबाने पडताळता येतो. कपॅसिटरचे आयुष्य तापमान दहा अंशांनी उतरले की साधारण दुप्पट होते, हा या धंद्यातला ठोकताळा. १०५ अंशांवर २,००० तासांचे आयुष्य धरले, तर ९५ वर ४,०००, ८५ वर ८,०००, ७५ वर १६,००० आणि ६५ अंशांवर ३२,००० तास होतात. कचेरीत दिवसाला आठ तास, वर्षाला अडीचशे दिवस मशीन चालले तर वर्षाचे २,००० तास. म्हणजे ६५ अंशांवर सोळा वर्षांचा हिशोब. चोवीस तास चालवले तरी साडेतीन वर्षांच्या पुढे. कोंदट खोलीने आयुष्य घटते यात वाद नाही. पण आठ तास चालणारी कचेरीतली मशीने तीन वर्षांच्या आत ढिगाने बंद पडावीत, एवढा हिशोब नुसत्या उष्णतेने जुळत नाही. सदोष माल आधी, उष्णतेने त्याचा अंत जवळ आणला, हाच क्रम सगळ्या कागदांशी सुसंगत बसतो.

यातून निघणारा निष्कर्ष असा. इलेक्ट्रोलाइट अपुरे होते, हे प्रयोगशाळेने सिद्ध केले आहे. ते चोरीमुळे अपुरे राहिले, हे तैवानच्या मालाबाबत संभाव्य आहे, सिद्ध नाही. जपानी कपॅसिटरांच्या बिघाडाला ती कथा लावणे चूक आहे. आणि गिऱ्हाइकांना झालेल्या नुकसानीतला मोठा वाटा रसायनाचा नसून विलंबाचा आहे. पैशाची तरतूद २००५ मध्ये झाली, पण किती मशीने धोक्यात होती हे लोकांना २०१० मध्ये कळले. पाणी ॲल्युमिनिअमला खात होते तेव्हा कोणाचा इलाज नव्हता. मौन बाळगायचे की नाही, हे मात्र माणसे ठरवत होती.

आपल्याकडे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून पुण्याच्या तपकीर गल्लीपर्यंत मदरबोर्ड दुरुस्त करणाऱ्यांनी असे फुगलेले कपॅसिटर काढून नवे बसवले, आणि काढलेले कचऱ्यात टाकले. पुरावाही त्यांच्याबरोबरच गेला. म्हणून वाचकांना एक विनंती. तुमचा डेस्कटॉप आपोआप बंद पडू लागला तर आधी लॉगमधल्या वेळा उतरवून घ्या, मग कॅबिनेट उघडून प्रोसेसरभोवतीच्या नळकांड्यांचे माथे पाहा. फुगलेले दिसले तर बदलून घेण्यापूर्वी वेष्टनावरच्या अंकांसकट फोटो काढा, आणि सेवा केंद्राने दिलेले कारण लेखी मागा.