थेंब आधी सुकतो की आधी पडतो?

१. खोकल्यातून उडालेला थेंब आधी जमिनीवर पडतो की आधी सुकतो? प्रश्न वरकरणी क्षुल्लक. परंतु रोग हवेतून पसरतात की नाही, हा विसाव्या शतकातील मोठा वाद त्याच्याशीच येऊन थांबतो.

२. १८९७ साली ब्रेस्लाऊ येथे कार्ल फ्ल्यूगे यांनी बोलता-खोकताना उडणाऱ्या तुषारांत जंतू असतात, हे दाखवले. १९१० मध्ये अमेरिकी आरोग्याधिकारी चार्ल्स चॅपिन यांनी प्रतिपादन केले की संसर्ग मुख्यतः निकट संपर्काने होतो. हवेची धास्ती अवाजवी आहे. ‘दूषित हवे’च्या जुन्या समजुतीला मूठमाती देणारे हे मत लवकरच रूढ झाले.

३. १९३४ साली हार्वर्डमधील स्वच्छता-अभियंते विल्यम वेल्स यांनी हाच प्रश्न पदार्थविज्ञानाच्या कसोटीवर घासला. थेंबालगतची हवा बाष्पाने संपृक्त असते, दूरची तितकी नसते; या फरकामुळे बाष्प बाहेर पसरते. हवा कोरडी असेल तर ते वेगाने घडते. मात्र बाष्पीभवनात उष्णता खर्ची पडून थेंब थंड होतो आणि सुकण्याचा वेग मंदावतो.

४. आता खरी मेख पाहा. थेंबाचा व्यास निम्मा झाला, तर तो सुमारे चौथाई वेळात सुकतो; पण हवेच्या विरोधामुळे त्याला खाली पडायला मात्र चौपट वेळ लागतो. सुमारे २ मीटर उंचीवरून पडणाऱ्या थेंबांसाठी वेल्स यांनी सीमा काढली: साधारण ०.१ मिलिमीटर. त्याहून मोठे थेंब ओले असतानाच जमीन गाठतात. लहान थेंब वाटेतच विरतात.

५. विरतात, पण नाहीसे होत नाहीत. पाणी उडून गेल्यावर क्षार, श्लेष्म आणि जंतू यांचा सूक्ष्म गाभा उरतो आणि तो हवेत तरंगत राहतो.

६. पुरावा मिळाला तो बाल्टिमोर येथे. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात वेल्स आणि रिचर्ड रायली यांनी क्षयरोग्यांच्या कक्षातील हवा नळांवाटे गिनीपिगांच्या पिंजऱ्यांपर्यंत नेली. रुग्णाचा स्पर्शही न होता प्राण्यांना क्षयाची लागण झाली. हवेवर अतिनील किरणांचा मारा केला, तेव्हा लागण थांबली.

७. क्षयाचे जंतू फुप्फुसात खोलवर रुजण्यासाठी कण ५ मायक्रॉनहून लहान असावे लागतात. पुढे हाच आकडा, मूळ संदर्भ हरवून, ‘हवेत तरंगणारे’ आणि ‘लगेच पडणारे’ यांतील सीमा म्हणून वापरला जाऊ लागला. वेल्स यांची सीमा याच्या सुमारे वीसपट होती!

८. २८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड हवेतून पसरत नाही, असे जाहीर केले. पुढच्याच वर्षी तिला आपल्या मार्गदर्शनात हवेतील प्रसाराची नोंद घ्यावी लागली. मधल्या काळात जगाने हात धुतले, पृष्ठभाग पुसले. खिडक्या मात्र पुष्कळ ठिकाणी बंदच राहिल्या.

९. वेल्स १९६३ साली निवर्तले. त्यांचे गणित कोणी खोडून काढले नव्हते. त्यातला एक आकडा बदलला गेला, इतकेच. इतिहास वाचताना सनावळीइतकीच आकड्यांचीही वंशावळ तपासावी, ती यासाठी.