दोनदा ओस पडलेले गाव

चेक प्रजासत्ताकाच्या दक्षिण भागात, चेस्के बुद्येयोवित्से या शहराच्या पश्चिमेला सुमारे १५ किलोमीटरवर होलाशोवित्से नावाचे खेडे आहे. वस्ती जेमतेम दीडशेची. मधोमध सुमारे २१० मीटर लांब व ७० मीटर रुंद असे हिरवे मैदान. त्यात एक तळे, १७५५ सालचे संत यान नेपोमुक यांचे छोटे प्रार्थनामंदिर आणि जुनी लोहारशाळा. मैदानाभोवती २३ शेतकरी वाडे. १९९८ साली युनेस्कोने या गावाला जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. हा वारसा नेमका कोणाचा, हा प्रश्न मात्र गावाचा इतिहास वाचताना सतत समोर येतो.

गावाचा पहिला लेखी उल्लेख १२६३ चा. १२९२ मध्ये राजा दुसरा व्हाक्लाव्ह याने ते विश्शी ब्रोद येथील सिस्टर्शियन मठाला दान दिले आणि पुढे १८४८ पर्यंत ते मठाकडेच राहिले. १५२० ते १५२५ या काळात प्लेगची साथ आली. तिच्यातून सबंध गावात फक्त दोन माणसे वाचली. जमीन कसायला माणूस नसेल, तर मठाला उत्पन्न कुठले? म्हणून मठाने बव्हेरिया आणि ऑस्ट्रियातून कुटुंबे आणून वसवली. त्यांनी नवे गाव आखले नाही. मैदान तेच, घरांच्या जागा त्याच, मागची शेतेही तीच. पांढरी आणि काळी जुनीच राहिली. बोली मात्र बदलली. चेक गाव जर्मनभाषक झाले.

१८४८ साली वेठबिगारी संपली आणि शेतकरी आपल्या जमिनीचा खरा मालक झाला. हाती पैसा खेळू लागला. शहरात बरोक शैली मागे पडून बराच काळ लोटला होता. पण गावच्या गवंड्यांनी तिचीच वळणदार शिखरे, चुन्यातली नक्षी आणि बांधकामाचे साल वाड्यांच्या दर्शनी भिंतींवर उतरवले. आज पर्यटक ज्या भिंतींची छायाचित्रे काढतात, त्या या नव्या मालकीच्या अभिमानातून उभ्या राहिल्या.

१८९५ मध्ये गावात १५७ जर्मन आणि १९ चेक राहत होते. पुढे हिटलरने देश गिळला. ते युद्ध संपल्यावर चेकोस्लोव्हाकियाने सुमारे तीस लाख जर्मनांना देशाबाहेर काढले. होलाशोवित्सेच्या जर्मनांनाही जावे लागले. प्लेगनंतर गाव दुसऱ्यांदा ओस पडले. अनेक वाड्यांना कुलपे लागली, छपरे खचली. पण ज्या घरात कोणी राहत नाही, त्या घराचे दर्शनी तोंड पाडून तिथे नवे बांधायलाही कोणी येत नाही. हेळसांडीने वाडे मोडकळीला आणले आणि तिनेच त्यांचे जुने रूपही राखले. १९९० नंतर डागडुजी झाली, घरांतून पुन्हा दिवे लागले.

म्हणजे भिंती उभारणाऱ्यांचे वंशज इथे नाहीत आणि भिंती जपणाऱ्यांचे पूर्वज त्या बांधायला नव्हते. त्याआधी मैदान आखणारे तर प्लेगमध्येच गेले. तिघांना जोडणारी गोष्ट एकच: तेराव्या शतकात जमिनीवर पडलेली आखणी. वारशाचा मान त्या तिघांचा आहे. गावाच्या सौंदर्याचे कौतुक करताना, हाकलल्या गेलेल्यांचे नाव त्यातून गाळले, तर ते कौतुक अर्धेच राहील.