हँग

परवा माळ्यावरचं सामान काढताना बाबांची शंभर पानी वही सापडली. वरती त्यांच्या शिक्षकी अक्षरात एकच शब्द: 'हँग'. ही गोष्ट घरच्यांना अर्धवट माहीत आहे, बाकी मंडळींना अजिबात नाही, म्हणून लिहून ठेवतोय.

२००६ च्या डिसेंबरात मी आंजीला बाबांसाठी कॉम्प्युटर जोडला. आंजी म्हणजे आंजी (मोठी), वर्ध्याहून आर्वीच्या रस्त्याला लागलं की येतं ते. नागपूरहून सुटे भाग आणले, दोन दिवस ओसरीत पसारा मांडला आणि तिसऱ्या दिवशी विंडोज एक्सपीचं हिरवं माळरान दिसलं तेव्हा कोण आनंद झाला होता! बाबांना गावाच्या आठवणी लिहायच्या होत्या, त्यातही विनोबा पवनारला असतानाच्या. त्यांना बरहात टाइप करायला शिकवलं आणि मी पुण्याला परतलो.

आठवड्याच्या आत फोन. "अरे, हँग होऊन राह्यला."

माउस हलत नाही, घड्याळ थांबलेलं, पडद्यावर अर्धं वाक्य तसंच. बटण दाबून बंद करा, पुन्हा चालू करा, मधलं लिहिलेलं गेलं. कधी दिवसातून तीनदा, कधी दोन दिवस काहीच नाही. वर्ध्याच्या एका ओळखीच्या दुकानदाराने येऊन 'फॉरमॅट मारला'. दोन दिवस बरा चालला, मग पुन्हा तेच. त्या दुकानदाराने जाताना बाबांना सांगितलं, "काका, तुमच्याकडून काहीतरी दाबलं जात असेल." आणि बाबांना ते पटलं! पस्तीस वर्षं पोरांना शिकवलेला माणूस, कीबोर्डवर बोट ठेवायला घाबरू लागला. मला त्या मशीनपेक्षा याचाच जास्त राग आला.

पण बाबांनी एक केलं. वही घातली. तारीख, वेळ, काय करत होतो, किती ओळी गेल्या.

आता थोडं विषयांतर. यंत्राच्या बिघाडांची वही ठेवणं ही जुनी रीत आहे. ९ सप्टेंबर १९४७ ला हार्वर्डच्या मार्क-२ या गणकयंत्रात एका रिलेमध्ये पतंग अडकलेला सापडला. तिथल्या लोकांनी तो नोंदवहीत चिकटपट्टीने चिकटवला आणि खाली गमतीने लिहिलं की खरोखरचा 'बग' सापडला. ग्रेस हॉपर यांचं नाव या गोष्टीला चिकटलं, पण पतंग त्यांनी शोधला नव्हता. आणि 'बग' हा शब्द तर एडिसनच्या काळापासून इंजिनियर लोकांच्या तोंडी होता. ते पान आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. आपल्याकडे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेलं टिफ्रॅक १९६० मध्ये पूर्ण सुरू झालं, त्यात सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. त्यातली एखादी आज ना उद्या जाणार हे सांभाळणाऱ्यांना आधीच ठाऊक असायचं. तेव्हा यंत्र थांबलं की पहिला संशय यंत्रावर जायचा. तो माणसावर कधीपासून जायला लागला, कुणास ठाऊक.

कारणं किती विचित्र असू शकतात याचा नमुना १९७८ चा आहे. इंटेलच्या मेमरी चिपमध्ये मधूनच एखादा बिट उलटायचा, चिप मात्र ठणठणीत. टिमोथी मे आणि मरी वुड्स यांनी दाखवलं की चिपच्या वेष्टणातच युरेनियम-थोरियमचे अतिसूक्ष्म अंश आहेत आणि त्यांतून सुटणारे अल्फा कण मेमरीतला विद्युतभार पुसून टाकतात. म्हणजे चोर घराच्या भिंतीतच! २००२-०३ च्या सुमाराला मदरबोर्डांवरचे कपॅसिटर फुगून फुटायची साथच आली होती, त्यांच्यातलं द्रावण सदोष निघालं. ते वाचलेलं असल्यामुळे मी संक्रांतीच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा पहिलं कॅबिनेट उघडून कपॅसिटरांची डोकी बघितली. सगळी सपाट.

मग आपला नेहमीचा कार्यक्रम. रॅम काढून खोडरबराने घासली. एकेक रॅम लावून पाहिली. मेमटेस्ट दिवसभर चालवला, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, एकही चूक नाही. पंख्यावर संशय घ्यावा तर जानेवारीतली थंडी. (हेच मे महिन्यात झालं असतं तर उन्हावर ढकलून मोकळा झालो असतो.) रात्री जेवून बाबांना म्हटलं, "चालतोय की! लिहा आता." ते बसले. अकरा चाळीसला थिजला.

त्या रात्री पहिल्यांदा मी वही नीट वाचली. इतके दिवस मी त्यातले नुसते आकडे मोजत होतो, वेळा बघितल्याच नव्हत्या. काही दिवस सगळ्या नोंदी रात्री उशिराच्या, मग काही दिवस सगळ्या दुपारच्या, मग पुन्हा रात्रीच्या. आणि तीन-चार ठिकाणी समासात बारीक अक्षरात लिहिलेलं: "टक् झालं."

"हे टक् काय हो बाबा?"

"तो डब्बा वाजते ना." म्हणजे स्टॅबिलायझर. जुन्या टीव्हीचा होता, कॉम्प्युटरला मीच लावून गेलो होतो!

आई आतून म्हणाली, "मोटारी सुरू झाल्या का वाजतेच तो."

झालं. रब्बीचे दिवस, गव्हाचं ओलित चालू. शेतीची थ्री फेज काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, अशी आलटून-पालटून यायची. भारनियमनाच्या त्या वर्षांत रात्री उठून शेतात जायला नको म्हणून लोकांनी मोटारींना ऑटो बसवलेले. थ्री फेज आली की सगळ्या मोटारी एकदम उठणार, आणि मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. घरातला दिवा पिवळा व्हायचा. मीटर लावून बघितलं, २३० च्या जागी १६० व्होल्ट. स्टॅबिलायझरचा रिले टक् करून दुसऱ्या टॅपवर जाणार, आणि त्या काही मिलिसेकंदांत वीज नाही.

एवढ्या वेळाला चांगला एसएमपीएस दाद देत नाही. लाइन तुटली तरी सोळा-सतरा मिलिसेकंद आपल्या मोठ्या कपॅसिटरवर तगून राहायचं असा त्याचा दंडक. पण साठवलेली ऊर्जा दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. १६० भागिले २३० म्हणजे ०.७, त्याचा वर्ग जेमतेम अर्धा. मी कॅबिनेटबरोबर फुकट मिळालेला एसएमपीएस वापरला होता, त्याचा कपॅसिटर आधीच लहानसा. त्यात निम्मा साठा.

तरी मशीन रीस्टार्ट का होत नव्हतं, थिजत का होतं? याचं उत्तर मला बऱ्याच उशिरा कळलं. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून पॉवर सप्लायकडून एक वेगळी तार मदरबोर्डला जाते, 'पॉवर गुड'. वीज नीट असेपर्यंत तिच्यावर होकार. गडबड झाली की होकार काढायचा, म्हणजे प्रोसेसर भलतंसलतं करण्याऐवजी नव्याने सुरू होतो. स्वस्तातल्या सप्लायमध्ये ही तार खरी तपासणी न करता सरळ पाच व्होल्टच्या लायनीवरून काढलेली असायची. होकार कायमचा. वीज क्षणभर डगमगली तरी मदरबोर्डला कुणी सांगतच नाही, आणि प्रोसेसर अर्ध्या वाक्यात अडकून बसतो.

म्हणजे पैसे मीच वाचवले होते आणि शंका बाबांवर घेतली गेली. हे मी त्यांना त्याच रात्री सांगितलं. ते नुसतं "बरं" म्हणाले.

नवा, वजनाला दुप्पट असलेला एसएमपीएस नागपूरहून आणला, स्टॅबिलायझर पुन्हा टीव्हीकडे गेला आणि कॉम्प्युटरला यूपीएस लागला. आजकालच्या बऱ्याच सप्लायना १०० ते २४० व्होल्ट काहीही चालतं, त्यामुळे नव्या मुलांना ही कटकट कळायचीसुद्धा नाही. असो. गेलेली पानं काही परत आली नाहीत. बाबांनी ती पुन्हा लिहिली, पण आधी कागदावर आणि मग बरहात. कंट्रोल-एस दर ओळीला.

वहीत दुरुस्तीनंतरची एकच नोंद आहे, फेब्रुवारीतली: "रात्री ११.५०. दिवा पिवळा झाला. यूपीएस टक् झाला. चालू आहे."