शिवनेरीचा एक प्रसंग आणि तिथींची साक्ष

ऐतिहासिक कादंबरी वाचकाच्या मनांत हळूहळू मुरते. दूरचित्रवाणीची मालिका मात्र रोज ठरल्या घटकेस घरांत येऊन बसते, व तिनें दाखविलेला प्रसंग पुढें इतिहास म्हणूनच ओळखला जातो. रणजित देसाई यांची ‘स्वामी’ ही कादंबरी १९६२ सालीं प्रसिद्ध झाली. दूरदर्शनवर तिची मालिका होऊन गेल्यावर थोरल्या माधवरावांचें नांव निघतांच पुष्कळांच्या डोळ्यांपुढें पडद्यावरील नटाचाच चेहरा येऊं लागला. ललितकृतीची ही शक्ति थोर आहे, आणि म्हणूनच तिचा हिशेब अधूनमधून तपासून पाहणें अवश्य असतें.

जुन्नर-आंबेगावच्या प्रांताला तर हा विषय अगदीं घरचा आहे. ‘राजा शिवछत्रपती’ (२००८) या मालिकेंत शिवाजी महाराजांची व ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ (२०१७) या मालिकेंत संभाजी महाराजांची भूमिका करणारे अमोल कोल्हे हे जुन्नर तालुक्यांतील नारायणगावचे. त्यानंतर २०१९ सालीं ‘स्वराज्यजननी जिजामाता’ ही मालिका आली. जिजाबाईंचें चरित्र कादंबरींत वा मालिकेंत गोवूं पाहणाऱ्या प्रत्येकास शिवनेरीच्या पायथ्याशीं येण्यापूर्वीं एका खुनाला सामोरें जावें लागतें. तो खून म्हणजे जिजाबाईंचे वडील, सिंदखेडचे लखुजी जाधवराव यांचा.

ता. २५ जुलै १६२९ रोजीं दौलताबादेस मूर्तजा निजामशहाच्या दरबारांत लखुजी, त्यांचे पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव यांस दग्यानें ठार करण्यांत आलें. खुनी कोण, हें येथें शोधून काढावयाचें नाहीं. हुकूम खुद्द सुलतानाचा होता. लखुजी १६२१ च्या सुमारास मोगलांना मिळाले होते व पुढें निजामशाहींत परतले होते. बुडत्या राज्याच्या भेदरलेल्या धन्यास संशय येण्याला एवढी पार्श्वभूमि पुरेशी होती.

आतां लोकांच्या आवडीचा प्रसंग पाहूं. उत्तरकालीन बखरींतून आलेली एक कथा अशी, कीं जाधवराव आपल्या जांवयाच्या पाठलागावर होते. जिजाबाईंना सातवा महिना लागलेला, घोडदौड सोसवेना, म्हणून शहाजीराजे त्यांना वाटेंत ठेवून पुढें निघून गेले. मागून वडील आले. मुलीची अवस्था पाहून त्यांचा राग विरघळला, आणि त्यांनीं तिची शिवनेरीवर व्यवस्था लावली. हा प्रसंग किती नाट्यपूर्ण आहे, हें सांगावयास नको! एका बाजूस वैर, दुसऱ्या बाजूस वात्सल्य, आणि मध्यें मानी कन्या. असा प्रसंग कोणता लेखक हातचा सोडील?

परंतु या कथेविरुद्ध एक साक्षीदार उभा आहे, व तो म्हणजे पंचांग. शिवजन्माची तिथि शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे ता. १९ फेब्रुवारी १६३०, अशी आहे. लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं प्रसिद्धीस आणलेल्या जेधे शकावलींत ती मिळाली, कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’नें तिला दुजोरा दिला, आणि महाराष्ट्र शासनानें २००१ सालीं तीच मान्य केली. दौलताबादच्या खुनापासून या दिवसापर्यंत बरोबर २०९ दिवस होतात. याचा अर्थ, वडिलांचा घात झाला त्या दिवशीं जिजाबाईंना फार तर दुसरा-तिसरा महिना चालला असेल. सातवा महिना लागेपर्यंत नोव्हेंबर उजाडला. तेव्हां लखुजींना जाऊन चार महिने लोटले होते. मृत पिता मुलीच्या वाटेवर येणार कसा?

मग ही कथा उपजली कशी? तिचें मूळ कोठेंहि असो, ती इतके दिवस सुखानें नांदली याचें कारण जुन्या तिथींत सांपडतें. पूर्वीं शिवजन्म शके १५४९ च्या वैशाख शुद्ध द्वितीयेस, म्हणजे ता. ६ एप्रिल १६२७ रोजीं, धरीत असत. त्या हिशेबानें सातव्या महिन्यांत लखुजी हयात होते. भेटीच्या कथेला पाय ठेवण्यापुरती जागा होती. तिथि बदलली आणि कथेच्या पायाखालची जमीन गेली; कथा मात्र राहिली. आंबेगाव तालुक्यांतील लोकांना याचें नवल वाटूं नये. मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखालीं गेलें, कचेऱ्या घोडेगावांत आहेत, तरी तालुक्याचें नांव आंबेगावच आहे. नांवाला असें राहण्याचा अधिकार आहे. इतिहासांतील प्रसंगाला तो देतां येत नाहीं.

कोणी म्हणेल, एवढ्या काटेकोरपणाची कादंबरीकाराला काय गरज? रस उतरला म्हणजे झालें. आमचा आक्षेप रसावर नाहीं. या एका भेटीनें खुनाचा अर्थच बदलतो, ही खरी अडचण आहे. जाधव-भोसल्यांचें वैर एकदां कथेच्या मध्यभागीं बसविलें, कीं दौलताबादचा घात त्या घरगुती भांडणाची पुढची पायरी भासूं लागतो. दोन्ही घराण्यांत रक्त सांडलें होतें, हें खरें. खंडागळ्यांचा हत्ती बेफाम झाल्यावरून माजलेल्या चकमकीची हकीकत ‘शिवभारतां’तच आहे. परंतु लखुजींवर पडलेली तलवार सोयऱ्याची नव्हती. ती ज्याची चाकरी केली त्या धन्याची होती. सुलतानाच्या मर्जीवर मोठ्यांतल्या मोठ्या मराठा सरदाराचें घराणें एका दुपारीं उजाड होऊं शकतें, हा त्या खुनाचा धडा होता.

तो धडा सर्वांनीं ओळखला. लखुजींचे बंधु जगदेवराव मोगलांकडे गेले. शहाजीराजांनींहि निजामशाही सोडून १६३० सालीं मोगलांची मनसब पत्करली. ‘शिवभारतां’त शिवनेरीच्या किल्लेदाराच्या घराण्याशीं जुळलेल्या सोयरिकीचा उल्लेख आहे, अशा विश्वासाच्या ठिकाणीं राजांनीं पत्नीला ठेवावें, हें त्या धामधुमीला धरूनच होतें. त्याच सुमारास दक्षिणेंत भयंकर दुष्काळ पडला.

आणि या घाताचा हिशेब पुन्हां जुन्नरच्याच डोंगरांत येऊन पुरा होतो. मलिक अहमद हा जुन्नरास असतांना त्याचा बाप मलिक हसन याचा बेदरास १४८६ सालीं खून झाला, व १४९० सालीं अहमदानें याच प्रांतांत निजामशाही स्थापिली. लखुजींना मारविणाऱ्या मूर्तजाचा दोन-तीन वर्षांच्या आंतच मलिक अंबरचा पुत्र फत्तेखान यानें जीव घेतला. १६३३ सालीं दौलताबाद मोगलांनीं घेतल्यावर शहाजीराजांनीं नाणेघाटाजवळच्या जीवधन किल्ल्यावरून एक बालराजा आणून पेमगिरीवर गादीवर बसविला. १६३६ सालीं माहुलीस तोहि डाव संपला. खुनानें जन्मलेली सत्ता खुनांनींच पोखरली गेली.

मालिकाकारांना यांत नाट्याची वाण पडेल असें आम्हांस वाटत नाहीं. पित्याची गडावर आलेली स्वारी दाखविण्याऐवजीं त्यांनीं पित्याची न येणारी स्वारी दाखवावी. माहेरचे चार पुरुष एका दिवसांत गेलेले, नवरा फौजेबरोबर दूर, धनी कोण तें ठरलेलें नाहीं, आणि गडावर एक गर्भवती स्त्री दिवस मोजीत आहे. तिला धीर देण्यासाठीं बखरकारांनीं मृत पित्याला परत आणलें. ही माया समजण्याजोगी आहे. पण तो धीर तिला कोणी दिला नव्हता, हें कळल्यावरच तिच्या धैर्याचें मोल कळतें. आपल्या मुलानें कोणाची चाकरी करावी, हा प्रश्न त्या स्त्रीच्या मनांत कां उरला नसेल, याचें उत्तर त्या २०९ दिवसांत आहे.