पडलेला शिपाई आणि त्याचे नाव

खेळातल्या लढाईचा एक नियम सगळीकडे सारखाच आहे. पडलेला शिपाई पुढच्या डावात उभा राहतो. १९१३ मध्ये एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने शिशाच्या बाहुल्यांनी लढाई खेळण्याचे नियम 'लिटल वॉर्स' या पुस्तकात मांडले. तेव्हापासून हा छंद वाढत गेला. आज छंदी माणसे जुन्या पलटणींच्या गणवेशातील गुंड्याही अभ्यास करून रंगवतात. ही मेहनत हसण्यावारी नेण्यासारखी नाही. मेलेल्या शिपायाचा मान राखावा, ही भावना त्यामागे पुष्कळदा असते.

परंतु या खेळात बहुधा एक बाहुला वीस माणसांच्या ऐवजी उभा असतो. म्हणजे एकोणीस माणसे हिशेबातच येत नाहीत! सन्मानाचा प्रश्न नेमका येथे उभा राहतो.

आपल्याकडील नमुना म्हणजे दिवाळीतला मातीचा किल्ला. ही चाल पुणे-साताऱ्याकडे रूढ आहे. वर सिंहासनावर महाराज, बुरुजांवर मावळे, दारात तोफ. पण गडाच्या घेऱ्यातली, पायथ्याच्या वाटा-चोरवाटा राखणारी महार, मांग, रामोशी माणसे या किल्ल्यावर कधी दिसतात काय? शिवकाळातील गडांची राखण त्यांच्यावर होती हे इतिहासकारांनी नोंदवून ठेवले आहे. बाजारात त्यांचे बाहुले मिळत नाहीत, कारण मागणी नाही. आणि मागणी नाही, कारण शाळेच्या पुस्तकात ती माणसे नाहीत.

आता कोरेगाव घ्या. १ जानेवारी १८१८ रोजी कॅप्टन स्टॉन्टनच्या हाताखाली पायदळ, घोडदळ व तोफखाना मिळून सुमारे आठशे लोक होते. वीसास एक या हिशेबाने चाळीस बाहुल्यांत ही फौज फळीवर मांडता येईल. मात्र तेथील स्तंभावर एकोणपन्नास मृतांची नावे आहेत. त्यांतली बावीस महारांची मानली जातात. नावाअखेरचे 'नाक' ही त्यांची ओळख. म्हणजे फौज चाळीस बाहुल्यांत बसते, पण तिच्यातले मेलेले बसत नाहीत. ज्याला खरोखर मान द्यायचा आहे त्याने एका नावास एक बाहुला करावा व त्याच्या पायाखालच्या पट्टीवर ते नाव लिहावे.

हे शिपाई कंपनी सरकारचे पगारी नोकर होते, हेही लपवू नये. ज्या इंग्रजांनी त्यांची नावे दगडात कोरली, त्याच इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांना पलटणीचे दार बंद केले. निवृत्त शिपाई गोपाळबाबा वलंगकर यांना त्याविरुद्ध अर्ज लिहावा लागला. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी स्तंभापाशी गेले. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ मध्ये. दगडावर नाव असूनही माणसाला पलटणीत जागा नव्हती, हा इतिहास रंगवलेल्या गणवेशात कसा दिसणार?

आणि आमचे हिंगोली? येथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. या फौजेतील पायदळाचा वारसा पुढे हैदराबाद रेजिमेंटकडे व १९४५ पासून कुमाऊं रेजिमेंटकडे गेला. तिचे केंद्र दूर रानीखेतला. निजामाच्या याच फौजेने जानेवारी १८१९ मध्ये, कोरेगावनंतर एका वर्षाने, नौसाजी नाईकाची गढी वेढा घालून घेतली. इंग्रजांनी तिचे नाव 'नोवाह' असे लिहिले. हटकरांचे बंड मोडल्याबद्दल पलटणींना 'नोवाह' हा रणसन्मान मिळाला. गढीतले बहुसंख्य लोक मारले गेले. सन्मान गावाच्या नावाने, मान पलटणीचा. आत मेलेल्यांची यादी कोणी केली नाही.

आमच्या भागातील शाळा-महाविद्यालयांच्या प्रदर्शनांत किल्ले मांडले जातात. विद्यार्थ्यांना माझे सांगणे आहे की, पुढच्या वेळी एकाने तरी नोवाहची गढी मांडावी. वेढा घालणारे बाहेर, अरब व हटकर आत. गणवेश मिळेल तेवढा रंगवावा. आतल्या बाहुल्यांच्या पट्ट्या मात्र कोऱ्या ठेवाव्यात, आणि कोणी विचारले तर त्या कोऱ्या का आहेत ते सांगावे.