आईची गोळी

खमीस म्हणजे गुरुवार. जुन्या गुरुवारच्या बाजारावरून खमीस मुशैत हे नाव पडलं. परवा फोनवर आई म्हणाली, "ई व्हिटॅमिनची गोळी उपाशीपोटीच घेते." मग इतिहास चाळला.

1922 साली बर्कलीत हर्बर्ट इव्हान्स व कॅथरिन बिशप यांना हे द्रव्य सापडलं. ते नसलं की उंदरिणींचे गर्भ पोटातच जिरत. लेट्यूसच्या पानांनी टिकत. पुढे याचे आठ प्रकार कळले.

गंमत म्हणजे आतडं अल्फा-गॅमा हा भेद फारसा करत नाही. पित्त व स्निग्ध पदार्थ असले, की दोन्ही आत घेतं. निवड यकृत करतं: तिथलं प्रथिन मुख्यतः अल्फाच रक्तात परत धाडतं.

आईला म्हटलं, "जेवणानंतर घे गं. उपाशीपोटी बरीचशी वायाच जाते."

"म्हणजे वर्षभर पैसे पाण्यात?"

मी गप्प.