बारदानावरचे अक्षर, जाळीवरचा रंग

नीरा डाव्या कालव्याचे पाणी 1885 च्या सुमारास बारामती-इंदापूरच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात पोचले, त्यामागोमाग ऊस आला, 1930 च्या दशकात वालचंदनगर येथे आणि 1950 च्या दशकात माळेगाव व भवानीनगर येथे साखर कारखाने उभे राहिले. या सुपरिचित इतिहासात साखर ज्या बारदानात, म्हणजे तागाच्या पोत्यात, भरली जाई त्यावरील छपाईची दखल क्वचितच घेतली जाते. कारखान्याचे नाव, गाळप हंगाम, वजन आणि श्रेणी पोत्यावर उमटवणे व्यापाराला आवश्यक होते, आणि ही श्रेणीची खूण मुळातच आकार व रंगाची भाषा होती: 'एम-30' मधील अक्षर दाण्याचा आकार दाखवते, तर अंक साखरेच्या रंगाची प्रत दाखवतो.

अशी खूण उमटवण्याचे जुने साधन म्हणजे कोरलेला पत्रा, अर्थात स्टेन्सिल. त्याची अडचण भूमितीची आहे. 'व' हे अक्षर कोरले की त्याच्या पोटातला तुकडा गळून पडतो, म्हणून तो धरून ठेवणारा अरुंद पूल मध्ये सोडावा लागतो, आणि शिरोरेषा अखंड कापली तर पत्राच लवू लागतो, म्हणून तीही तोडावी लागते. स्टेन्सिलच्या देवनागरीला आलेला तुटक, कोनदार चेहरा ही कोणाची शैली नसून पत्र्याची गरज आहे.

स्क्रीन प्रिंटिंगने हा पूल अनावश्यक ठरवला. मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमन याने 1907 मध्ये पेटंट घेतलेल्या पद्धतीत चौकटीवर ताणलेली रेशमी जाळी सुटा तुकडा जागच्या जागी धरते, आणि पुढे रूढ झालेल्या प्रकाशसंवेदी लेपाच्या रीतीत उजेड लागलेला भाग घट्ट होतो, झाकलेला भाग पाण्याने धुऊन निघतो व तेवढ्यातूनच रबरी पट्टीने ओढलेली शाई खाली उतरते. प्रत्येक रंगाला स्वतंत्र जाळी लागते; दोन रंगांच्या सीमेवर केसभर फट राहिली तरी कागद डोकावतो, म्हणून जाणता कारागीर एक रंग दुसऱ्यावर किंचित चढू देतो. सपाट रंग आणि धारदार कड ही या माध्यमाची सहजप्रवृत्ती आहे.

अमूर्त चित्रकारांना हेच हवे होते. जोसेफ आल्बर्स यांनी 1963 च्या 'इंटरॅक्शन ऑफ कलर' या ग्रंथातील रंगफलकांसाठी हीच पद्धत वापरली. नागपूर व मुंबईत शिकलेल्या सय्यद हैदर रझा यांचे बिंदू, त्रिकोण आणि चौकोनही सेरिग्राफ, म्हणजे कलाकृती म्हणून काढलेल्या स्क्रीन छाप्यांच्या रूपात घरोघर नसले तरी बऱ्याच भिंतींवर पोचले. या भूमितीचे सारे श्रेय चिंतनाला देणारी समीक्षा जाळीचा वाटा विसरते.

तालुक्याच्या गावांत हे तंत्र लग्नपत्रिकांवर आणि कापडी फलकांवर स्थिरावले, आणि फलकांची जागा पुढे फ्लेक्सने घेतली. क्विंटलचे पोतेही 50 किलोवर आले; श्रेणीचे अक्षर आणि अंक मात्र त्यावर अजून छापले जातात.